कुबलदादांनी मोजलेली लाट

जयवंत कुबल वारलेले नाहीत. हे आधी सांगते, कारण कुणावर असं काही लिहायला घेतलं की लोक आवाज खाली आणून विचारतात, कधी गेले? ते ठणठणीत आहेत. देवगडच्या बाजूला आपल्या गावी राहतात आणि रोज सकाळी मला फोनवर फुलाचं चित्र पाठवतात. गेली ती लाट. कतारच्या उत्तर किनाऱ्यावर, खडकाच्या एका टोकाशी, भर हिवाळ्यात फुटणारी लाट. तिच्यावर कुबलदादा फळी घेऊन उभे राहायचे. तशी फुटताना ती आता कुणालाच दिसणार नाही.

मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून, लातूरला, कॉलेजात असताना. पत्रकाचं काम सोपं असतं. काय झालं ते सांगायचं, कुणी केलं ते सांगायचं, आपली मागणी सांगायची. इथे ‘कुणी केलं’ या जागी माझं पेन अडतं, आणि मला अडायची सवय नाही.

दोहात आम्ही एकाच ऑफिसात होतो. बिन महमूदमध्ये, किनाऱ्यावरच्या बांधकामांना सल्ला देणाऱ्या एका कंपनीत. मी ड्रॉइंगांना नंबर देते, ती इकडून तिकडे पाठवते, सह्या झाल्या का बघते. दादा सर्व्हेयर. जमीन मोजणारे सर्व्हेयर खूप, हे पाणी मोजायचे. तळ किती खोल, प्रवाह कुठे वळतो, लाट किती उंच येते. राहायचोही आम्ही एकाच इमारतीत, अल मुंतझात. मी वर, दोन नर्स मुलींबरोबर. खाली दादा, सुषमावहिनी आणि त्यांची मुलगी ऋता.

नवी होते तेव्हाच मी त्यांना गळताना पाहिलं. अगदी खरं सांगते, गळताना. क्लायंटची माणसं आली होती, टेबलावर मोठा नकाशा पसरला होता. दादा काहीतरी दाखवायला वाकले आणि त्यांच्या नाकातून चांगली चमचाभर पाण्याची धार नकाशावर पडली. दादांनी खिशातून रुमाल काढला, आधी नकाशा टिपला, मग नाक टिपलं, इंग्रजीत सॉरी म्हणाले आणि मी शेजारी होते म्हणून मला हळूच सांगितलं, "सकाळचो समुद्र. उरलेलो."

लाटेत आपटून आलेल्या माणसाच्या कपाळामागे खारं पाणी अडकून राहतं आणि पुढे कधीतरी मान वाकवली की बाहेर पडतं, हे मला नंतर कळलं. त्यांच्या घरी हा नित्याचा प्रकार होता. ऋताला मालवणी सगळी कळायची पण ती बोलायची इंग्रजीतच. ती फोनवरून डोकंही न उचलता म्हणायची, "बाबा, यू आर लीकिंग," आणि टिश्यूचा खोका पुढे सरकवायची.

बुटके, खांदे रुंद, नाकाचं टोक कायम सोललेलं. ऑफिसात शर्टाचं वरचं बटण लावलेलं असायचं. लोकांना वाटायचं फार शिस्तीचे आहेत. खरं म्हणजे रबरी सूटच्या कॉलरने मान घासून लाल झालेली असायची, ती झाकायला. नडग्यांवर पांढरे वळ होते, सगळे खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांनी कापलेले. त्यांच्या वडिलांची होडी होती. लहानपणी फुटक्या होडीच्या फळीवर पोटावर झोपून लाटेबरोबर किनाऱ्याला येणं त्यांना येत होतं, तिकडे सगळ्याच पोरांना येतं. फळीवर उभं राहायला मात्र ते इथे शिकले, चाळिशी उलटल्यावर, व्हिडिओ बघून आणि पडून. बोर्ड हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. फळीच म्हणायचे.

आता तुम्ही म्हणाल, कतारमध्ये कसली लाट आणि कसली थंडी. मीही हेच म्हणाले होते. बाराही महिने इथला समुद्र ताटात वाढलेल्या सारासारखा पडलेला असतो. पण हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो, शमाल म्हणतात त्याला, आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस सुटतो. आकाश मातकट होतं, पाणी नुसतं खवळतं, त्याला आकार नसतो. मग वारा पडतो. वारा पडल्यावर अर्धा दिवस, फक्त अर्धा दिवस, समुद्रात उरलेला जोर नीट रांगेत यायला लागतो. त्या रांगा टोकाच्या खडपाला, पाण्यात शिरलेल्या खडकाला, वळसा घालतात आणि आतल्या बाजूला एकेक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सोलल्यासारखी फुटत जाते. या अर्ध्या दिवसासाठी हा माणूस वर्षभर बांधकामाच्या मीटिंगांत बसायचा.

वारा कधी पडणार याचे अंदाज मोबाइलवर मिळतात. दादांचा भरवसा समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर होता. बाहेर येऊन लुंग्यांकडे बघत उभे राहायचे. लुंग्या आडव्या असल्या की चहा प्यायला आत. लुंग्या लोंबायला लागल्या की घरात हालचाल सुरू. "पाहुणी येतली," एवढंच म्हणायचे.

वहिनी तिला पाहुणी म्हणत नसत, सवत म्हणत. मला सांगायच्या, "सवत परवडली असती गं. तिच्या अंगाला अत्तराचा तरी वास आला असता. हे येतात ते टायरसारखे वास मारत."

एका संक्रांतीला वहिनींकडे हळदीकुंकू होतं. मी हळदीकुंकवाच्या विरोधात आहे, सवाष्ण-बिगरसवाष्ण असल्या वाटण्या मला चालत नाहीत, आणि हे मी तिळगूळ खाता खाताही सगळ्यांना ऐकवत होते. सकाळी तिळाच्या वड्या थापायचं काम दादांकडे होतं. लुंग्या लोंबल्या. दादांनी पातेलं गॅसवरून उतरवलं, झाकण ठेवलं आणि गेले. पाक दगड झाला. संध्याकाळी बायका जमल्यावर हे परतले, ओठ निळे, केसांत वाळू, थंडीने असे कुडकुडत होते की चहाचा ट्रे वाजत होता. तरी चहा देत सगळीकडे फिरले. मला वहिनींच्या वतीने संताप आला. मी आत जाऊन म्हणाले, तुम्ही हे चालवून कसं घेता?

वहिनी कप विसळत होत्या. म्हणाल्या, "मी दुबळी असल्यासारखी बघू नकोस माझ्याकडे. लुंग्या मीच दाखवल्या त्यांना."

मग एका जानेवारीत मला घेऊन गेले. पहाटे निघालो, पुढे दादा-वहिनी, मागे मी आणि माझ्या मांडीवर फळीचं शेपूट. उत्तरेच्या रस्त्याला शेवटी डांबर संपतं, नंतर खारट चिखलाचं मैदान, नंतर ते टोक. गाडीचं दार उघडलं आणि थंडी कानात शिरली. मी लातूरची. माझ्या गावात पाणी म्हणजे टँकर. मी दार धरून गाडीपाशीच उभी राहिले.

दादांच्या हातात नारळ होता. गावी नारळी पौर्णिमेला नारळ देतात तो दर्याने शांत व्हावं म्हणून. दादा इथे हिवाळ्याच्या पहिल्या लाटेला द्यायचे, आणि मागणं उलटं. "थय आम्ही सांगतो बाबा निज," मला म्हणाले, "हय सांगूचा लागता, जरा ऊठ." नारळ सोडला, हात जोडले, फळी काखेत मारून खडपावरून चालत सुटले.

ती लाट सोपी नव्हती. खडपाच्या अगदी कडेला, हात लांबवला तर दगड लागेल इतक्या जवळ ती उभी राहायची, आणि तिथेच तिच्यावर उभं राहावं लागायचं. क्षणभर उशीर झाला की माणूस कालवांवर. तिथवर पोचायचं तर टोकाशी पाण्याच्या उलट्या ओढीत हात मारत राहायचं, आणि हात गारठलेले. मी बघितलं तेव्हा दादा आधी पडलेच. पडले, फळी एकीकडे, ते एकीकडे. मी ओरडले. वहिनींनी थर्मासमधून कप भरला आणि मला दिला. पुन्हा पडले. मग एक आली, लांबूनच कळत होतं की ही वेगळी आहे, काळपट, गुळगुळीत. दादा तिच्यात दिसेनासे झाले आणि दिसले तेव्हा उभे होते. ऑफिसात जिना चढताना कठडा धरणारा हा माणूस त्या पाण्याच्या उतारावरून हात सैल सोडून, काही घाई नसल्यासारखा येत होता. लाट त्यांच्या मागे मिटत होती. खाडीच्या आतपर्यंत आले, उतरले आणि लगेच वळून पुन्हा टोकाकडे हात मारायला लागले.

वहिनी म्हणाल्या, "लग्नात सुद्धा एवढे सरळ उभे नव्हते."

एवढंच मी पाहिलंय. मला पोहता येत नाही, मी त्या पाण्यात कधी गुडघ्यापलीकडे गेले नाही. तरी त्या लाटेबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी मानते.

पुढच्या वर्षी त्या किनाऱ्यावर बंगले आणि बोटींचा धक्का बांधायचं ठरलं. ठरवणाऱ्यांची नावं लिहून उपयोग नाही, अशी माणसं सगळ्या किनाऱ्यांवर असतात. काम आमच्या कंपनीला मिळालं आणि समुद्राचा सर्व्हे दादांच्या टेबलावर येणार होता. ड्रॉइंगला नंबर द्यायला माझ्याकडेच फाइल आली, म्हणून दादांच्या आधी मला कळलं. मी जिना उतरून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. वहिनी घावणे घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, दादा, हे काम करायचं नाही. नाही म्हणा. मी पत्र लिहिते, पतंग लावून फळीवर फिरणारे गोरे लोक आहेत त्यांच्या सह्या घेऊ, पर्यावरणवाल्यांना गाठू.

दादांनी माझं सगळं ऐकलं. मग म्हणाले, "मी नाय म्हटलंय तर दुसरो जातलो. तो जातलो उन्हाळ्यात, पाणी निजलेला असताना. आणि लिवतलो, हय लाटच नाय."

खरंच तसं झालं असतं.

त्यांचं म्हणणं असं होतं की कुणी मुद्दाम वाईट करत नाही, माहीत नसतं म्हणून करतात. तिथे काय आहे ते नीट मोजून, कागदावर मांडून समोर ठेवलं की माणूस थांबतो. धक्का थोडा दक्षिणेला सरकवला तर कुणाचं काही बिघडत नाही. आणि मोजायचं तर त्यांच्याइतकं त्या जागेचं कुणाला माहीत होतं? मी म्हणाले, दादा, तुम्ही भोळे आहात. ते हसले. मला म्हणाले, तू लोकांवर ओरडून बघितलंस, मी दाखवून बघतंय.

तो हिवाळाभर त्यांनी ती लाट मोजली. तरंगणारं यंत्र टाकलं, ड्रोन उडवला. आणि एक गोष्ट केली जी दुसऱ्या कुठल्याही सर्व्हेयरने केली नसती. मनगटावर जागा नोंदवणारं घड्याळ बांधून फळीवर गेले. प्रत्येक वेळी लाट कुठे उभी राहिली, कुठून वळली, कुठे मिटली, त्याची बारीक निळी रेघ कॉम्प्युटरवर उमटायची. अशा कितीतरी रेघा, सगळ्या खडपाच्या त्या एका जागेतून निघून खाडीत पसरलेल्या. ते चित्र मी नंबर देण्याआधी कितीतरी वेळ बघत बसले होते. आमच्या ऑफिसातून हजारो ड्रॉइंग जातात, इतकं सुंदर एकही गेलेलं नाही. दादा माझ्या खुर्चीमागे उभे होते. "ह्या चित्र बघल्यार," ते म्हणाले, "कोण थय दगड टाकीत गो?"

मीटिंगला मी होते, कागद वाटायला. मुख्य डिझायनर एक शांत, सभ्य बाई होत्या, कधी कुणावर आवाज चढवणाऱ्या नव्हेत. त्यांनी ते चित्र पडद्यावर लावलं आणि म्हणाल्या, जयवंतनी आपलं एक वर्ष वाचवलं. लाटेचा सगळा जोर नेमका कुठे येतो हे आता आपल्याला माहीत आहे. नाहीतर आपण लाटा अडवणारा बांध चुकीच्या जागी टाकला असता. मग पुढचं चित्र लावलं. निळ्या रेघा जिथून निघत होत्या, बरोबर तिथून एक जाड काळी रेघ सुरू झाली होती.

टाळ्या वाजल्या. त्या बाईंनीही मनापासून वाजवल्या, मला तेच सहन होत नाही. तिथे कुणी दुष्ट असतं तर मी काय करायचं ते मला माहीत होतं.

दादा उठून बाहेर आले. मी मागे गेले. पाण्याच्या कूलरपाशी उभे होते, हातात कागदी पेला, पाणी घेतलेलं नव्हतं.

"माका वाटला, बघतले," म्हणाले.

मी तो पेला घेऊन भरून दिला.

"बघल्यानी गो. बरोब्बर बघल्यानी."

मी आजही म्हणते, त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. दुसरा कुणी उन्हाळ्यात जाऊन चुकीचं मोजून आला असता, बांध चुकीच्या जागी पडला असता आणि ती लाट कदाचित त्या चुकीतून वाचली असती. हे मी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले की हो, हे त्यांच्याही डोक्यात आलं, पण चुकीचं मोजायचं कसं ते त्यांना येत नाही. आणि बंगल्यांच्या जाहिरातीचा कागद आला तेव्हा मी तो फाडला. त्यावर लिहिलं होतं, तुमच्या दाराशी कायमचं शांत निळं पाणी. माणसांनी शांत पाण्यासाठी बंगले घ्यावेत, खुशाल घ्यावेत, सगळा बाकीचा किनारा तसाच पडलेला आहे की.

दगडांचे ट्रक सुरू झाले. पुढच्या हिवाळ्यात बांध अर्धा झाला होता आणि वारा पडला की दादा अजून जात होते. लाट यायची, पण मधेच मोडायची. टोकाशी उभी राहायची आणि पुढे तिला जागा नसायची. ते पाण्यात थोडाच वेळ थांबायचे. घरी येताना काही बोलायचे नाहीत, दवाखान्यात कुणाला भेटून आल्यासारखे सूट धुवायचे, वाळत घालायचे. ऋता एकदा जेवताना मराठीत म्हणाली, "बाबा, तुमचं नाक आता गळत नाही." तिने मराठीत बोललेलं मी तेवढंच ऐकलं. आणि वहिनींनी सवत म्हणणं सोडलं. लुंग्या लोंबल्या की त्या नुसत्या उठून थर्मास भरायला लागायच्या.

बांध पुरा झाला. करारात अट होती की पहिल्या मोठ्या शमालनंतर आतलं पाणी मोजून बांध काम करतो की नाही ते लिहून द्यायचं. लिहून देणारे अर्थात दादाच. आकडे उतरवून घ्यायला माणूस हवा होता, मी म्हणाले मी येते. त्यानंतर वसंतात त्यांनी काम सोडलं. मी तेव्हा सुट्टीवर लातूरला होते, परत आले तेव्हा खालच्या घरात दुसरं कुटुंब राहत होतं. म्हणजे मी त्यांना नीट पाहिलं ते त्या मोजणीच्या सकाळीच शेवटचं.

वारा पहाटेच पडला होता. पाणी तसंच गार, आकाश धुतलेलं. दादांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. बांधाच्या आतल्या बाजूला पाण्यात मोजायची पट्टी उभी केली होती, ती वाचून ते आकडे सांगत होते आणि मी लिहीत होते. आकडे म्हणण्यासारखं काही नव्हतंच. आत पाणी हलत नव्हतं. कुणीतरी टाकलेला चहाचा कागदी कप तरंगत होता, तो एका जागी होता. बांध उत्तम काम करत होता. दादांनी सही केली, कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, गाडीत बस, थंडी आहे, मी पट्टी काढून येतो.

मी गाडीपाशी जाऊन वळून बघितलं. पट्टी तशीच होती. दादा बांधावर चढले होते, दगडांच्या अगदी माथ्यावर, आतल्या पाण्याकडे पाठ करून. बाहेरच्या बाजूने ती येत होती. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. लांबून वळसा घेत, रांगेत, पहिल्यासारखीच काळपट आणि गुळगुळीत, आणि त्याच जागी येऊन उभी राहत होती. दादा फळीवर असल्यासारखे अंग आडवं करून उभे होते, डावा पाय पुढे. लाट उठली की त्यांचे गुडघे वाकायचे, हात अंगापासून जरासे सुटायचे. लाट दगडांवर आपटायची, पाणी त्यांच्या हेल्मेटवरून निथळायचं, गुडघे सरळ व्हायचे. मागची उठायची, आणि ती पुरी उठायच्या आधीच ते पुन्हा वाकलेले असायचे.